अक्काभोवतीचे चंद्र

मी तापट आहे, हे भिसेगावात कुणाला सांगावं लागत नाही. माझ्याकडे व्हायोलिन शिकायला येणाऱ्या मुली जिन्यातच एकमेकींना विचारतात, "आज बाईंचं कसं काय आहे?" आणि मला ते आतून स्वच्छ ऐकू येतं. त्यामुळे माझ्या भाचीनं ऐन फोडणीच्या वेळी ओट्यावर लॅपटॉप ठेवला, "मावशी, हे ऐक, हा गुरू ग्रह आहे," म्हणाली आणि त्यातून कसलंसं घरघरणं सुरू झालं, तेव्हा माझं तोंड सुटणारच होतं. पण माझ्याआधी आतल्या खोलीतून अक्का बोलली. "मिक्सर चालू राहिलाय का गं?"

अक्का म्हणजे माझी मोठी बहीण, आणि भाची ही तिची एकुलती एक लेक. मी लग्न केलं नाही, अक्काचे यजमान लवकर गेले, तेव्हापासून आम्ही दोघी एकाच घरात राहतो आणि रोज भांडतो. अक्कानं जन्मभर खालापूरच्या एका शाळेत विज्ञान शिकवलं. रोज एसटीनं जायची आणि यायची, आणि वाटेत ओळखीचं कुणी भेटलं की ग्रहणाविषयी बोलायची. निवृत्त व्हायच्या आधीच तिनं एक लहानशी दुर्बीण घेतली होती. ती गच्चीवर लावून तिनं निम्म्या भिसेगावाला गुरूचे चंद्र दाखवले असतील. दूधवाल्याला दाखवले, गॅसची टाकी घेऊन आलेल्याला बाहेर थांबवून दाखवले. माझ्या शिष्या सारेगम सोडून वर पळायच्या, आणि मी खालून ओरडायची, की आधी पलटे पुरे करा, चंद्र कुठे पळून चाललेत.

भाची त्या गच्चीवरच वाढली. गुरूच्या चार मोठ्या चंद्रांतले जवळचे तीन म्हणजे आयो, युरोपा आणि गॅनिमीड. गॅनिमीडची एक फेरी होते तेवढ्यात युरोपाच्या दोन होतात आणि आयोच्या चार. हे तिला पाढ्यांच्या आधी पाठ झालं होतं. अक्का तिला आणखी एक गंमत सांगायची. गुरूपासून एक सरळ रेघ ओढली, तर तिच्यावर हे तिघं एकाच वेळी कधीच सापडायचे नाहीत. दोघांची गाठ पडली की तिसरा हमखास दुसरीकडे असतो. "आमच्या घरासारखंच," मी म्हणायची, "तिघींचं एकमत म्हणून कधी होत नाही." पुढे भाची ग्रहांचाच अभ्यास करायला लागली. हल्ली ती पुण्याला एका संस्थेत असते, आणि यानांनी पाठवलेले त्या चंद्रांचे आकडे हेच तिचं काम आहे.

आणि नेमके अक्काचे डोळे गेले. अगदी गेले असं नाही. डोळ्यांच्या मागच्या पडद्याचा आजार आहे, त्यात मधलं दिसेनासं होतं आणि कडेचं तेवढं अंधूक राहतं. तिला माझे कान दिसतात आणि नाक दिसत नाही. "तुझ्या बाबतीत फार नुकसान नाही," असं ती म्हणते. पण दुर्बिणीत जे बघायचं ते अगदी मधोमधच असतं. गेल्या वर्षी हिवाळ्यात ती गच्चीवर गेली, बराच वेळ भिंगाला डोळा लावून उभी राहिली आणि खाली येऊन म्हणाली, "ती दुर्बीण कुणाला तरी देऊन टाका." मग जेवायला बसली आणि आमटीत मीठ कमी आहे म्हणाली. मीठ बरोबर होतं. मी एरवी सोडलं नसतं, पण त्या दिवशी मिठाचं भांडं तिच्यापुढे सरकवलं.

म्हणून ओट्यावरचा तो लॅपटॉप. भाचीनं मनाशी घेतलं होतं, की आईला चंद्र दिसत नाहीत तर ते ऐकू तरी यावेत. तिनं आकड्यांना स्वर लावले होते. आकडा वाढला की स्वर चढायचा, उतरला की उतरायचा. आयोवर ज्वालामुखी आहेत, त्यांची धग कमीजास्त होते, त्याची एक चाल. युरोपाच्या बर्फाच्या भेगांची दुसरी आणि गॅनिमीडच्या चुंबकत्वाची तिसरी. विज्ञान म्हणून सगळं चोख असेल. ऐकायला मात्र मिक्सरच.

"खरी माणसं, खरी वाद्यं पाहिजेत," मी म्हणाले. "आणि आधी याला कुठल्या तरी रागात आण."

"मावशी, गुरूला राग माहीत नाही."

"मग शिकेल."

वाद घालून घालून शेवटी आम्ही ते आकडे भूपाच्या पाच स्वरांत बसवले. संध्याकाळचा राग, गोड, आणि फारसं कुणाचं चुकत नाही. भाची कुरकुरली, की बारीक फरक पुसले जातात. पण चाल हाताखाली यायला लागली तशी तिचीच मान डोलायला लागली. युरोपासाठी मी आणि माझ्या दोन शिष्या होतोच. राहिले आयो आणि गॅनिमीड. त्यांना फुंकायची वाद्यं हवीत असं भाचीचं म्हणणं पडलं, आणि फुंकायची वाद्यं म्हटल्यावर या तालुक्यात माणूस एकच.

पोशीरचे बँडमास्तर. काळा चष्मा, गळ्यात जाड साखळी, नेरळच्या बाजूची थोडी जमीन विकून उरलेल्या जमिनीवर लग्नाचा लॉन काढलेले. बँड आता पोटासाठी नाही, हौसेसाठी चालवतात. स्वतः युफोनियम वाजवतात, म्हणजे तो कवेत घ्यायचा मोठा पितळी भोंगा. माझा आणि त्यांच्या बँडचा जुना उभा दावा होता. त्यांच्याकडची पद्धत अशी, की वरात गावदेवीसमोर आली की बँड थांबणार. देवीला सलामी झाल्याशिवाय पाऊल पुढे पडणार नाही. नवरदेव घोड्यावर घामाघूम होऊ दे, मुहूर्त टळू दे, मागे अडकलेल्या रिक्षात मी व्हायोलिन मांडीवर घेऊन चडफडत बसलेली असू दे, सलामी ती सलामी.

पण अक्काचं नाव काढल्यावर मास्तरांनी चष्माच उतरवला. "मोठ्या बाईंसाठी हाय का? मंग काय पन सांगा. मी मामाकडं खालापूरला शिकाया होतो, तवा बाईंनी मला इज्ञानात नापास केलेला. वर्गात हुबं करून इचारलेलं, चंद्र कुनाभोवती फिरतो. मी बोललो, आमच्या पोशीरभोवती." ते स्वतःच पोट धरून हसले. "गॅनिमीड कोन, सर्व्यात मोठा ना? तो मी."

पहिली तालीम त्यांच्या लॉनवर झाली आणि तिची पुरती वाट लागली. मी खुर्च्या मांडून ठेवल्या होत्या. मला वाटलं, वाद्यवृंद म्हणजे कसा, सगळे नीट बसलेले असावेत. बँडवाले बसले आणि पाच मिनिटांत ताल कुठल्या कुठे गेला. क्लॅरिनेटवाला पुढे, ढोलवाला मागे, मास्तर तिसरीकडेच. मी आवाज चढवला. मास्तरांनीही चढवला. "बाई, आमी जल्मात कवा बसून वाजवलं नाय. पाय चालल्याबिगर आमचा हात चालत नाय." मी म्हणाले, उभे राहा. उभं राहूनही तेच. त्यांना चालायचंच होतं.

त्या तालमीला भाची अक्काला घेऊन आली होती, मोठ्या आशेनं. अक्का पुढच्या खुर्चीत हात बांधून बसली. संपल्यावर म्हणाली, "छान आहे."

आमच्या घरात 'छान आहे' म्हणजे संपलं. भाचीचा चेहरा उतरला. अक्काला चेहरे दिसत नाहीत, पण लेकीची गप्प बसण्याची तऱ्हा तिला कळते. मग ती जरा मऊ होऊन म्हणाली, "अगं, सूर छान आहेत. पण माझे चंद्र कुठे आहेत त्यात? सगळे एका जागी खुर्च्यांवर बसलेत. चंद्र कधी खुर्चीवर बसतात का?"

भाची एकदम उठून उभी राहिली. तिनं बँडवाल्यांकडे पाहिलं. मास्तर चालता येत नाही म्हणून वैतागून जागच्या जागी पाय आपटत होते. "काका," ती म्हणाली, "तुम्ही चालत चालत गोल फिरलात तर?"

असं आमचं ठरलं. मधोमध अक्काची खुर्ची, म्हणजे गुरू. तिच्याभोवती चुन्याच्या फक्कीनं आखलेली तीन वर्तुळं. आतल्या वर्तुळात आयो, म्हणजे क्लॅरिनेटवाला आणि ताशेवाला, दोघं झपाझप चालणारे. सर्वात बाहेर गॅनिमीड, म्हणजे युफोनियम घेतलेले मास्तर आणि त्यांच्यामागे ढोल, संथ चालीत. चौथ्या चंद्राला, कॅलिस्टोला, आम्ही रजा दिली. त्याचं वर्तुळ एवढं मोठं, की तो बिचारा शेजारच्या वालाच्या शेतातून वाजवत गेला असता.

राहिला मधला युरोपा, म्हणजे आम्ही. आता बँडवाल्यांना बसून वाजवता येत नाही, तसं आम्हांला चालत वाजवता येत नाही. आमचं व्हायोलिन मांडी घालून, त्याचं टोक पायाच्या घोट्यावर टेकवून वाजवायचं. हनुवटीखाली धरून उभ्यानं वाजवणारे वेगळे. मास्तरांनी डोकं खाजवलं आणि शेडमधून बँडची ढकलगाडी काढली. वरातीत तिच्यावर कीबोर्ड आणि कर्णे असतात, चहूबाजूंनी दिव्यांची माळ. तिच्यावर सतरंजी अंथरली. मी आणि माझ्या दोन शिष्या वर चढून मांडी घालून बसलो आणि मास्तरांचे दोन भाचे गाडी ढकलायला लागले. साठी उलटल्यावर मी दिव्यांच्या गाडीत बसून गोल गोल फिरेन असं कुणी सांगितलं असतं तर मी त्याला जिन्यावरून खाली ढकललं असतं. पण खरं सांगते, दुसऱ्या फेरीपासून मला मजा यायला लागली.

तालमी झाल्या, शिव्याशाप झाले. एकदा मास्तरांकडे पोपटी लावली होती, तेव्हा मडक्यात भाजलेल्या वालाच्या शेंगांवर ताव मारून आयोला चालवेना. भाची मधोमध उभी राहून घड्याळात बघत हातवारे करायची. आयो आणि युरोपाची गाठ दर खेपेला एकाच ठिकाणी पडली पाहिजे आणि तेव्हा गॅनिमीड तिथे नसला पाहिजे, एवढं तिनं सगळ्यांकडून घटवून घेतलं. हळूहळू जमलं.

अक्का मात्र पुन्हा तालमीला आली नाही. "एकदा आले, पुरे झालं. आता एकदम कार्यक्रमाला येईन," म्हणाली. मग उठता उठता म्हणाली, "आणि मला काही कळलं नाही, तर कळलं असं म्हणायला लावू नका. पोरगी एवढी धडपडतेय. तिच्यासमोर खोटं बोलायचं मला फार जड जातं." ते ऐकून मला भरून आलं, आणि भरून आलं की मी चिडते. मी म्हणाले, "तुला कळायलाच हवं, मी गाडीत बसतेय तुझ्यासाठी." त्या दिवसापासून मला झोप नीट लागेना.

कार्यक्रम व्हायचा होता लॉनवरच. पण ऐन वेळी मास्तरांच्या लक्षात आलं, की त्याच दिवशी लॉन एका लग्नाला दिलाय. माझा पारा चढला. मास्तर म्हणाले, "बाई, कशाला डोस्कं तापवता? गावदेवीचं मैदान हाय ना. लोकांना बसाया देवळाच्या पायऱ्या हायेत." भाचीनं तिथे जाऊन वर्तुळं आखली, आणि लोकांना नीट दिसावं म्हणून आयो-युरोपाची गाठ पडायची जागा देवळाच्या बाजूला ठेवली. यात काही वावगं आहे, हे आमच्या कुणाच्या डोक्यात आलं नाही. मास्तरांनी सकाळीच देवीला नारळ फोडला.

दिवस मावळताना पायऱ्या भरल्या होत्या. अर्धं पोशीर आणि भिसेगावातून आलेले आमचे ओळखीचे. भीमाशंकरच्या डोंगरावर गुरू नुकताच वर आला होता, ठळक, पिवळट. सगळे तिकडे बोट दाखवत होते. अक्का मैदानाच्या मधोमध शाल पांघरून खुर्चीत बसली होती. बोट कुठे दाखवताहेत ते तिला दिसत नव्हतं. भाची तिच्या खुर्चीमागे उभी होती.

सुरुवात झाली. आयो अगदी अक्काच्या जवळून लगबगीनं निघाला, क्लॅरिनेट आणि ताशा. आमची गाडी हलली. दूर बाहेरून मास्तरांचा खोल, सावकाश सूर यायला लागला. सतरंजीवर बसून वाजवताना दर फेरीला मला अक्का चारी बाजूंनी दिसत होती. समोरून चेहरा, मग कान, मग पाठ. चेहरा कोरा होता. हात मांडीवर. मी मनात म्हटलं, झालं, आता 'छान आहे' म्हणते.

मग तिची मान किंचित वळली. आयो मागे गेला तशी मागे, पुढे आला तशी पुढे. थोड्या वेळानं शालीतून तिचं बोट बाहेर आलं आणि ते बोट हलायला लागलं. आता हे आयोच्या मागे फिरतंय, की माझी बहीण आपली भूपाला ताल देतेय? मला काही कळेना. भाचीलाही कळत नव्हतं. तिचा चेहरा मी पाहत होते. विचारणार तरी कसं? विचारलं असतं तर अक्का 'हो' म्हणाली असती, आणि ते खरं की लेकीसाठी, हे आम्हांला जन्मात कळलं नसतं.

आणि तेवढ्यात मास्तर देवळासमोर आले.

मी गाडीतून पाहिलं. वाजवणं चालू होतं, दिलेले तेच सूर, तोच ताल. पाय मात्र थांबले. भोंगा कवेत, मान खाली, देवीकडे तोंड. मागचा ढोलवालाही मान खाली घालून उभा. जन्मभराची सवय, त्याला कोण काय करणार. पायऱ्यांवरच्या लोकांना त्यात काहीच चुकीचं वाटलं नाही, उलट दोन-चार बायकांनी हात जोडले. मी गाडीतून डोळे वटारले, पण मास्तरांचे मिटलेले होते. तिकडे आयो फिरून यायला लागला. आमचीही गाडी देवळाच्या बाजूला वळली. भाची एकदा घड्याळाकडे आणि एकदा मास्तरांकडे बघत होती. आम्ही ढकलले जातच होतो, आणि बघता बघता क्लॅरिनेट, व्हायोलिन आणि युफोनियम, तिन्ही एकामागे एक, एका रेघेवर आले. इतक्या दिवसांची मेहनत पाण्यात गेली असं वाटून मला रडू फुटायचं तेवढं बाकी होतं.

अक्काचं बोट थांबलं. मग तिनं पूर्ण हात वर केला. वर्गात गोंगाट झाला की करायची तसा. सगळे गप्प झाले. ढोलसुद्धा.

"तिघं एका रेघेवर?" ती म्हणाली. आवाज खालापूरच्या वर्गातला. "हे कसं शक्य आहे? आयो बरोबर आहे. युरोपा बरोबर आहे. गॅनिमीड मघापासून एकाच जागी उभा आहे. कोण आहे गॅनिमीड?"

मास्तरांनी भोंगा खाली घेतला. "मी हाय, बाई."

"का थांबलास?"

"देवी हाय ना म्होरं. पाय आपसूक थांबला."

पायऱ्यांवर हशा पिकला. पण मला हसू येईना, कारण मी भाचीकडे पाहत होते. ती आईच्या खुर्चीमागे उभी होती, दोन्ही हातांनी तोंड दाबून, आणि रडत होती. अक्कानं मागे हात करून चाचपडत तिचं मनगट धरलं.

"रडतेस कशाला गं," ती हळूच म्हणाली. आमची गाडी जवळच थांबली होती, म्हणून मला ऐकू आलं. "सगळं बरोबर चाललं होतं ना, तोवर मलाच खात्री नव्हती. वाटत होतं, नुसतं ऐकतेय, आणि दिसतंय असं स्वतःला सांगतेय. हा थांबला तेव्हा कळलं, की मला दिसतंय."

मग तिनं शाल सारखी केली आणि मान देवळाच्या बाजूला वळवली, बरोबर जिथे मास्तर उभे होते तिथे.

"नमस्कार झाला असेल तर चल आता पुढे. चंद्र कुणाभोवती फिरतो, आता तरी आलं का लक्षात?"

"आलं बाई," मास्तर म्हणाले आणि त्यांनी भोंगा उचलला. गाडी ढकलणाऱ्यांना मी म्हटलं, चला रे. आणि आम्ही अक्काभोवती पुन्हा फिरायला लागलो.